सहा मीटरचं आतडं पोटात गुंतत कसं नाही? आणि त्यावरून ‘कोणीतरी आखलंय’ म्हणता येतं का?

गिरणाकाठ (चाळीसगाव) – प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांचा वादविवाद आहे. विषय: ‘शरीराची रचना पाहिली की ती आखणारा कोणीतरी मानावाच लागतो.’ दोन्ही बाजूंना तयारी करून द्यायची आहे. डोळ्याचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून बाजूने बोलणाऱ्यांनी यंदा पोट घेतलंय. त्यांचा मुद्दा असा की एवढं लांब आतडं एवढ्याशा जागेत बसतं, दिवसरात्र हलतं, आपण पळतो, उड्या मारतो, तरी गाठ पडत नाही. हे आपोआप कसं होईल? विरोधी बाजूने आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) आणि हर्निया उचललेत: आखणारा हुशार असता तर असला माल कशाला ठेवला असता?

मला दोन्ही बाजू जरा कच्च्या वाटतात. आतडं न गुंतण्याचं नेमकं कारण काय? हर्निया-आंत्रपुच्छाची उदाहरणं जाणकारापुढे टिकतील का? आणि टेबलावर ठेवून दाखवता येईल असं काही आहे का? चित्रं नकोत, मुलं चित्रं बघून झोपतात.

विच्छेदनकक्ष (धुळे)

पहिली दुरुस्ती: ‘आतडं गुंतत नाही’ हे वाक्य मुलांना बोलू देऊ नका. गुंततं, आणि जीव घेतं. क्वचित का गुंततं, असा प्रश्न विचारा.

आतडं पोटात सुटं पडलेलं नसतं. लहान आतड्याची पूर्ण लांबी एका दुपदरी पडद्याच्या कडेला धरलेली असते. हा पडदा म्हणजे मेसेंटरी. पाठीच्या भिंतीवर त्याचं मूळ फक्त १५ सेंटिमीटर असतं: दुसऱ्या कमरेच्या मणक्याच्या डावीकडून तिरकं खाली, उजव्या त्रिकास्थी-कटिहाडाच्या सांध्यापर्यंत (कमरेखाली, पाठीच्या कण्याचं टोक नितंबाच्या हाडाला मिळतं तिथे). आतड्याकडची कड मात्र शवावर मोजली तर सहा मीटरच्या आसपास भरते. (जिवंत माणसात स्नायू आवळलेले असल्याने बरीच कमी.) म्हणजे मूळ एक तर कड चाळीस. नऊवारीच्या निऱ्या डोळ्यांसमोर आणा: वर कमरेशी मूठभर जागेत खोचलेल्या, खाली घेर. निऱ्यांची खालची कड कितीही हलली तरी ती दुसऱ्या निरीभोवती गाठ मारू शकत नाही, कारण तिला मोकळं टोकच नाही. आतड्याचंही तेच. मधोमध हा पडदा मुळापासून आतड्यापर्यंत साधारण वीतभर रुंद, दोन्ही टोकांना आखूड. त्याच दोन पदरांमधून रक्तवाहिन्या, नसा आणि लसिकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या) आतड्याला जातात. पृष्ठभागावर काही चमचे ओलावा, त्यामुळे वेटोळी एकमेकांवरून घसरतात.

ओलावा गेला की काय होतं हे शस्त्रक्रियेनंतर दिसतं. पर्युदर (पोटाचं आणि आतड्यांचं गुळगुळीत अस्तर) खरवडलं गेलं की वेटोळी चिकटतात, पट्टे तयार होतात आणि त्या पट्ट्याखाली वेटोळं अडकतं. लहान आतडं बंद पडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

आता ‘आखणी’. गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं इतक्या झपाट्याने वाढतं की पोटात मावत नाही, कारण यकृताने जागा बळकावलेली असते. मग आतडं चक्क नाळेत शिरतं, तिथे पाव फेरा घेतं, दहाव्या आठवड्यात परत येताना आणखी अर्धा. समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने एकूण २७० अंश. त्यानंतर मोठ्या आतड्याचे काही भाग पाठीला चिकटून पक्के होतात आणि मेसेंटरीचं मूळ लांब, तिरकं बसतं. हा फेरा अर्धवट राहिला तर मूळ १५ सेंटिमीटरऐवजी दोन-तीन सेंटिमीटरचं राहतं. मग सगळं आतडं एका देठावर लोंबतं आणि त्या देठाला पीळ बसतो. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर सर्जन हेच आधी धरून चालतात, ‘उद्या बघू’ म्हणत नाहीत. काही तासांत आतडं काळं पडतं.

वेटोळी कोण घालतं? विल्यम पेले या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली हाच पडदा आखणाऱ्याचा पुरावा म्हणून मांडला होता. त्याचा दाखला शिवणकामाचा आहे: झालरीची कड चुणून शिवावी तसं आतडं मेसेंटरीला शिवलंय, आणि ते मेसेंटरीच्या चौपट लांब आहे. निरीक्षण बरोबर आहे. (त्याने चौपट धरलं, मुळाशी मोजलं की चाळीसपट येतं.) प्रश्न एवढाच की चुण्या पाडायला शिंपी लागतो का. २०११ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात कोंबडीच्या भ्रूणावरचं एक काम छापून आलं. मेसेंटरी आतड्यापासून कापून वेगळी केली की आतडं सरळ झालं आणि मेसेंटरी आक्रसली. म्हणजे दोन्हींत ताण होता: आतडं भराभर वाढतं, पडदा मागे पडतो, तो कडेला ओढतो, आतड्याला वाकण्यावाचून पर्याय उरत नाही. मग त्यांनी रबराचा पडदा ताणून त्याला रबरी नळी शिवली आणि ताण सोडला. कोंबडीच्या आतड्यासारखीच वेटोळी पडली. वेटोळं केवढं पडेल हे नळीचा जाडपणा, पडद्याचा जाडपणा आणि दोन्हींचा कडकपणा यांवर ठरतं. वेगवेगळ्या पक्ष्यांत आणि उंदरातही हिशेब जुळला.

हे टेबलावर दाखवता येतं. शिवणकामाचं मऊ रुंद इलास्टिक (दोन-तीन सेंटिमीटर) १५ सेंटिमीटर कापा. ताणून ३० करा आणि ताणलेलंच ठेवून एका कडेला ३० सेंटिमीटरची पायपिंगची दोरी नागमोडी टाक्याने शिवा. सोडा. दोरीच्या लाटा पडतील. एकही लाट कोणी हाताने पाडलेली नसेल.

भकाळी (शहादा)

ताईंनी माणसाचं सांगितलं. टेबलावर ठेवायचं तर बोकडाचं आतडं घ्या, दोरीपेक्षा जास्त बोलतं.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. वजडी काढताना आतडं पडद्यापासून ओढून सोडवायची सवय असते. तसं केलं की तुम्हाला हवी ती गोष्टच गेली. पोट उघडल्यावर चौथ्या पोटानंतर दोरीने दोन गाठी मारून मधे कापायचं, गुदाशयाकडे तसंच, आणि पाठीला चिकटलेलं मूळ सुरीने सोडवून सगळं एकत्र उचलायचं. गाठी मारल्या नाहीत तर शेण-पाणी सगळीकडे. वर पसरलेली चरबीची जाळी येईल. ती म्हणजे मेसेंटरी नव्हे. मुलं हमखास तिथे चुकतात. जाळी बाजूला करा.

सपाट ताटात पसरा. मधोमध चपटी चकती दिसेल. ते मोठं आतडं, जलेबीसारखं गोल: तीन-चार फेरे आत जातात, केंद्रापाशी वळतात आणि आलेल्या फेऱ्यांच्या शेजारून तेवढेच बाहेर येतात. चकतीच्या काठाने लहान आतड्याची झालर. बाहेर येणारा शेवटचा फेरा बोटांनी चाचपा. आतल्या फेऱ्यांत लापशी लागते, इथे मणी लागतात. लेंडी इथेच बनते, पाणी शोषलं जाता जाता. हे बघून जे पोर गप्प बसेल त्याला जीवशास्त्र घ्यायला सांगा.

मग एक हात लांबी घेऊन आतड्याच्या कडेलगत पडदा कात्रीने कापत जा. कापलेला भाग सरळ नळी होऊन पडतो. सगळं मोजायला जाऊ नका, बोकडाचं लहान आतडं वीस मीटरच्या आसपास भरतं, तास त्यातच जाईल. हातमोजे घालायचे. कापल्यापासून दोन-तीन तासांत आटपायचं, वैशाखात तर त्याहून लवकर. टिकवायचंच असेल तर बाजारातलं फॉर्मलिन एक भाग, पाणी नऊ भाग. उघड्यावर, मुलांपासून लांब, डोळ्यांना झोंबतं. उरलेलं खोल पुरा, कुत्री उकरतात.

आता वादाचं. बाजूने बोलणारी मुलं ‘तिरपं तोंड’ हा मुद्दा घेणार असतील, कारण पेलेनेही तो घेतलाय: पित्ताची नळी आतड्यात सरळ घुसत नाही, भिंतीतून तिरपी सरकत उघडते, त्यामुळे आतला दाब वाढला की आपोआप मिटते. बिनपैशाची झडप. बरोबर आहे. पण हीच युक्ती घोड्यात बघा. घोड्याची अन्ननलिका जठरात तिरपी शिरते आणि तिथला स्नायू इतका जबर की घोड्याला उलटी करता येतच नाही. जठर लहान, आठ ते पंधरा लिटर. दाण्याच्या पोत्यात तोंड घातलं, दाणा आंबून गॅस झाला, तर वर वाट नाही. नाकातून नळी घालून वेळेत मोकळं केलं नाही तर जठर फाटतं. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीला लाखांची घोडी उभी असतात. त्यांच्या मालकांना विचारा, पोटशूळ म्हटलं की चेहरा उतरतो. शिवाय घोड्याचं मोठं आतडं घोड्याच्या नालेसारखं दोनदा दुमडलेलं, बरंचसं सुटं, आणि कटिभागाजवळच्या वळणावर एकदम अरुंद. थंडीत पाणी कमी पिलं, चारा सुका असला, की बोळा तिथे अडकतो.

आणि ज्या पित्ताशयाची एवढी तारीफ, ते घोड्याला नाहीच. हत्तीला नाही. उंदराच्या जातीत गंमत: घरातल्या छोट्या उंदराला आहे, मोठ्या घुशीवजा उंदराला नाही. दोघंही कोठारात एकच ज्वारी खातात.

गाईचंही सांगून ठेवतो. गाय ओठांनी निवडत बसत नाही, गिळते आणि मग रवंथ करते. खिळा-तार गेली की जड म्हणून जाळीपोटात (गाईच्या चार पोटांपैकी एक) बसते. जाळीपोट श्वासपटलाला टेकलेलं, पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. पोट आकुंचन पावलं की तार पुढे सरकते आणि थेट हृदयावरणात. म्हणून तर गाईला लोहचुंबक गिळायला देतात. तो त्याच जाळीत जन्मभर बसून राहतो.

रानवारा (पारोळा)

हाई बठ्ठं बराबर शे भाऊ, पण देव मानणाऱ्या पोराने काय बोलावं? घोडा फुटला म्हणून देव नाही, हे काही पटत नाही.

गिरणाकाठ

बोकडाचं नक्की करतो. रानवारा म्हणतात तीच माझीही अडचण आहे. ‘वाईट रचना’ म्हटलं की समोरचा म्हणणार, ‘तुम्हाला हेतू कळला नाही.’ मग आंत्रपुच्छ आणि हर्निया सोडून द्यायचे का?

विच्छेदनकक्ष (धुळे)

आंत्रपुच्छ ‘बिनकामाचं’ म्हणून मांडायचं असेल तर सोडा. डार्विनने १८७१ मध्ये त्याला अवशेष म्हटलं, खरं. पण अवशेष म्हणजे आकसलेला, जुनं काम सुटलेला अवयव. निरुपयोगी असा त्याचा अर्थ नव्हे. आंत्रपुच्छाच्या भिंतीत लसिका-ऊती ठासून भरलेली असते. हगवणीत मोठं आतडं धुऊन निघालं की आंत्रपुच्छात उरलेले उपयोगी जिवाणू परत पसरतात, अशी कल्पना २००७ मध्ये मांडली गेली. सस्तन प्राण्यांत आंत्रपुच्छ अनेकदा स्वतंत्रपणे उगवलेलं दिसतं, हेही आता माहीत आहे. तुमचा विद्यार्थी ‘टाकाऊ’ म्हणाला आणि समोर कोणी वाचलेलं पोरगं असलं तर खेळ संपला.

त्याचा दोष मात्र खरा आहे आणि तो नीट सांगता येतो. लांबी सहा ते नऊ सेंटिमीटर, एक टोक बंद, आतली पोकळी काडीएवढी, आणि रक्त आणणारी मुख्य धमनी एकच, तिला पर्यायी वाट जवळजवळ नाही. तोंडाशी मळाचा खडा बसला की आत स्राव साठतो, दाब वाढतो, आधी शिरा दबतात मग धमनी, टोक सडतं, फुटतं. दुखणं सुरू होतं बेंबीभोवती आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. विरोधी बाजूच्या हाती इथे खरा पत्ता आहे, पण तो त्यांनी उचललेलाच नाही. अवयव उजवीकडे खाली, मग दुखतं बेंबीपाशी का? कारण त्याच्या नसा पाठीच्या कण्याच्या ज्या पातळीतून येतात (छातीचा दहावा खंड), तीच पातळी बेंबीच्या त्वचेचीही आहे. गर्भात हे आतडं मधल्या रेषेवर होतं. अवयव सरकला, तार जुन्याच खांबावरून राहिली. पुढे सूज पोटाच्या भिंतीला लागते, भिंतीच्या स्वतःच्या नसा बोलू लागतात, तेव्हा दुखणं ‘जागेवर’ येतं.

हर्नियाचंही असंच करा. ‘जांघेत भोक ठेवलं, काय ही रचना’ असं म्हणायचं नाही. वाट काढून दाखवायची.

पुरुषाचं वृषण मूत्रपिंडाजवळ, पाठीच्या भिंतीवर तयार होतं. सातव्या महिन्याच्या सुमारास ते जांघेच्या आतल्या तोंडाशी येतं, जन्माच्या आसपास खाली उतरतं. उतरताना रक्तवाहिनी बदलत नाही. त्यामुळे आजही वृषणाची धमनी महारोहिणीतून (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतून) दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशी निघते, पोट ओलांडते, जांघेतून खाली जाते. मांडीची मोठी धमनी शेजारी असताना. डावी शीर वर चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवी थेट महाशिरेला. म्हणून शिरा फुगण्याचा त्रास बहुतेक डावीकडे. लसिकाही वर महारोहिणीजवळच्या गाठींकडे जाते. वृषणाच्या कर्करोगात जांघेच्या गाठी चाचपून निर्धास्त झालात तर फसलात. मुतखड्याची कळ वृषणापर्यंत जाते तीही याच जुन्या शेजारामुळे. वीर्यवाहिनी तर ४५ सेंटिमीटर लांब: खालून वर, जांघेतून आत, मूत्रवाहिनीवरून वळसा घालून मूत्राशयाच्या मागे. निघाली तिथून पोहोचली तिथवर सरळ अंतर वीतभरही नाही. विहिरीवरून घरात पाइप आणायचा आणि मधे चिंचेच्या फांदीवरून आडवा टाकायचा, तसं. असं कधी होतं? घर आधी फांदीच्या पलीकडे होतं आणि पाइप न तोडता घर हलवलं, तेव्हा. शार्कसारख्या माशांत हे अवयव वरच, यकृताच्या आसपास असतात.

जांघेचा मार्ग चार सेंटिमीटरचा आणि तिरपा. आतलं तोंड आणि बाहेरचं तोंड समोरासमोर नाहीत, त्यामुळे खोकलं की मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते आणि वरचे कमानदार स्नायू शटरसारखे खाली येतात. भकाळी म्हणाले तेच तिरपं तोंड. मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते तिथेही आहे. मुलांत भिंतीतला भाग आखूड राहिला तर लघवी उलटी वर जाते. म्हणजे युक्ती एकच, चार ठिकाणी. कुठे छान चालते, कुठे गळते, कुठे इतकी घट्ट की जीव जातो. जांघेत ती गळते: पुरुषांत साधारण चौघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हर्निया होतो. वृषणासोबत उतरलेली पर्युदराची पिशवी मिटली नाही तर लहानपणीच, नाहीतर वय झाल्यावर मागची भिंत सैल पडून. बासिनी या इटालियन सर्जनने १८८७ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया चालली ती मागची भिंत पुन्हा उभारून मार्ग तिरपा केला म्हणूनच.

‘माणूस दोन पायांवर उभा राहिला म्हणून हर्निया’ हे वाक्य अर्धंच खरं. डुकरांत भरपूर दिसतो, ती चार पायांवरच असतात. ‘थंडाव्यासाठी बाहेर’ हेही सरसकट नको. माणसात वृषणाची पिशवी शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड असते हे खरं. पण हत्तीची वृषणं पोटातच मूत्रपिंडाजवळ, आणि पक्ष्यांचं अंग चाळीस-एकेचाळीस अंश, तरी त्यांचंही आतच.

रानवारा, तुमच्या प्रश्नाला माझ्या विषयात एवढंच उत्तर आहे: चांगलं-वाईट ठरवायच्या भानगडीत दोन्ही बाजूंनी पडू नये. चांगलं दिसलं की देव आणि वाईट दिसलं की नाही, या हिशेबात प्रत्येक जण आपल्या सोयीचा अवयव उचलतो. वाट अशीच का गेली, हा प्रश्न मोजून, कापून सोडवता येतो.

वारूळ (अमळनेर)

इथवर शरीर झालं, आता अनुमान बघू. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या गावात राहून न्यायशास्त्राचा उल्लेख नाही, तर शोभत नाही.

पेले आणि आपले नैयायिक यांचा युक्तिवाद एक नाही. पेले गुंतागुंत दाखवतो: एवढे भाग एका कामासाठी जुळलेत, म्हणून कारागीर. त्यामुळे त्याला हर्निया अडचणीचा. दहाव्या शतकातला उदयन दुसरीकडून येतो: जे अवयवांचं बनलेलं आहे ते कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, घट आणि कुंभार. इथे घट सुबक आहे का, गळतो का, याला महत्त्वच नाही. गळक्या मडक्यालाही कुंभार असतो. बाजूने बोलणाऱ्या मुलांनी हे घ्यावं, ‘वाईट रचना’वाल्यांचा वार हवेत जाईल. रानवारा, तुमच्या पोराने हेच बोलावं.

पण मग त्यांना सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताला उत्तर द्यावं लागेल. तो म्हणतो: घट मातीचा विकार आहे आणि कुंभाराने केलाय, मग वारूळही मातीचा विकार, तेही कुंभाराने केलं म्हणायचं? आकार आहे, माती आहे, एवढ्याने कुंभार सिद्ध होत नाही. ज्या जातीची वस्तू कर्त्याकडून होताना आपण पाहिली, त्याच जातीच्या वस्तूपुरतं अनुमान चालतं. व्याप्ती (हे असेल तिथे ते असतंच, हा नेम) आधी हवी. ताईंनी सांगितलेला रबरी नळीचा प्रयोग म्हणजे वारुळाचाच नवा दाखला: चुण्या आहेत, शिंपी नाही. यावर नैयायिक म्हणेल की इलास्टिक ताणणारा आणि शिवणारा होताच ना. विरोधकाने तयारीत राहावं: भ्रूणात ताणणारा हात नाही, दोन ऊतींच्या वाढीचा वेगळा वेग आहे. नैयायिक पुढे विचारेल, तो वेग कोणी ठरवला? तिथे वाद पोटातून निघून दुसऱ्या दालनात जातो आणि बोकड काही मदत करत नाही. परीक्षकाला हे दालन बदलणं दिसलं पाहिजे, एवढंच मुलांना शिकवा.

सांख्य दर्शनाचा दाखला गावातल्या पोरांना लगेच कळतो. वासराच्या वाढीसाठी गाईचं दूध पाझरतं. दुधाला काही कळत नसतं. हेतू साधला जातो, पण हेतू धरणारं डोकं त्या वस्तूत नसतं. सुगरणीच्या खोप्यालाही हेच लावून बघा: खोपा सुगरण विणते, सुगरणीची चोच कोणी विणली?

एक किरकोळ पण गोड गोष्ट. सुश्रुताच्या शारीरस्थानात पुरुषाच्या आतड्यांचं माप साडेतीन व्याम दिलंय, स्त्रीचं अर्धा व्याम कमी. व्याम म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. पावणेदोन मीटर धरलं तर सहा मीटर. ताईंच्या आकड्याशी ताडून पाहा. तिथेच शव मुंजासारख्या गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचं आणि मग कुंच्याने हलके हलके घासून थर बघायचे, अशी रीत आहे. आधी मोजलं, मग बोलले.

गिरणाकाठ

विषयाचं वाक्यच बदलून घेतो: ‘शरीराच्या रचनेवरून कर्त्याचं अनुमान करता येतं.’ ‘मानावाच लागतो’ काढलं.

इलास्टिक शिवून पाहिलं. लाटा पडल्या, पण सगळ्या एका टोकाला गोळा झाल्या, दुसरं टोक जवळजवळ सपाट. आणि दोरी दोन ठिकाणी सुटली.

विच्छेदनकक्ष (धुळे)

ताण सारखा नव्हता. मशीनखाली इलास्टिक हाताने ओढत गेलं की सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त ओढलं जातं. न ताणलेल्या इलास्टिकवर खडूने दर अडीच सेंटिमीटरला खूण करा, दोरीवर दर पाचला. प्रत्येक खूण खुणेवर टाचणीने बसवा आणि दोन टाचण्यांमधला भाग सपाट होईल एवढंच ओढून शिवा. दोरी सुटली म्हणजे सरळ टाका घातलाय. ताण सोडताना तो तुटतो, नागमोडीच हवा आणि टाका लांब नको.

दोन नमुने करा: एकात बारीक दोरी, एकात दुप्पट जाड. जाड दोरीच्या लाटा मोठ्या आणि कमी पडतील. तिसरा नमुना करायला वेळ असेल तर इलास्टिकची मोकळी कड चिमटीत गोळा करून दोऱ्याने बांधा आणि मुलाला ती उलटी धरून एकदा गर्रकन फिरवायला सांगा. मूळ १५ सेंटिमीटरचं असण्याने काय वाचतं ते बांधलेल्या देठाला पडलेल्या पिळात दिसेल.

भकाळी (शहादा)

आणि बोकड सकाळीच आणा. दुपारच्या सत्रात ठेवलात तर परीक्षक आधी उठून जातील.